मासेच्या सासूचा दगड

एटापल्लीच्या पलीकडे डोंगरातल्या पायवाटांनी हिंडायला आता नागपूर-चंद्रपूरकडची बरीच मंडळी जातात. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो, जुन्या शिळांवर कधीमधी लिहितो, म्हणून त्यांतले काहीजण आधी मला फोन करतात. वाट कशी आहे, राहायचं कुठं, दगड खरंच इतके जुने आहेत का. बावीस वर्षं मी या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरं देत आलो. ‘फार पूर्वी गेलो होतो, आता आठवत नाही,’ एवढंच. फेब्रुवारीच्या शेवटी मी तिथं परत जाऊन आलो. आता सांगता येईल. वाट चांगली आहे. माणसंही चांगली आहेत. त्या खोऱ्यात जे वाईट घडलं त्यातलं एक मी केलेलं होतं, आणि ते सोडून नुसती वाट सांगणं मला यापुढे जमायचं नाही.

गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. का, ते वाचताना कळेल.

चिमूर ते एटापल्ली

बायको सोबत होती. सुनंदा ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. मी तिथून आल्यापासून ती म्हणत आली, ‘तुमी ते दगड मोजाले गेले होते तिकडे मले एकदा न्या.’ दर वेळी मी काही ना काही कारण काढलं. या वेळी मीच म्हणालो, चल. तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली. गोळ्या, पट्ट्या, ओआरएस, वर चिवडा.

आलापल्ली मागे पडल्यावर सागवान दाट झालं. पानगळ उरकलेली, मधूनच पळस पेटलेला. सुनंदा खिडकीला नाक लावून बसली होती. मी मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होतो. ‘बाई, एक गोष्ट सांगायची आहे.’ नको. ‘बाई, मी तुमचा अपराधी आहे.’ हे तर नाटकातलं वाटत होतं. एटापल्ली येईपर्यंत असली वीसेक वाक्यं केली आणि मोडली.

गावाबाहेर चौकीवर गाडी थांबवली. नावं लिहिली. तरुण शिपायानं विचारलं, “काय पाहाले चालले सर?”

“दगड.”

“दगड?” त्यानं पेन खाली ठेवलं. “मोहर्लीले जा ना जी. जिप्सीत बसा, वाघ दिसते. दगड त घरी पन रायते.”

सुनंदा खळखळून हसली. मला घाम फुटला होता. शिपायाच्या डोळ्यांत संशय नव्हता, पण पोलिसानं काही विचारलं की मला बावीस वर्षांपासून असंच होतं.

पहिला दिवस : जुनी वर्तुळं

वाटाड्या म्हणून देवू मिळाला. वय चाळिशीचं, माडिया, हसताना एक डोळा मिटणारा. फिरायला येणाऱ्यांना तो डोंगरातून नेतो-आणतो. मराठी आमच्यासारखीच, झाडीपट्टीतली. सकाळी सातला निघालो. नाल्याच्या काठाकाठानं वाट, मग साजाच्या आणि धावड्याच्या झाडीतून चढ. चढ मोठा नाही, पण मुरमावर पाय सरकतो. तासाभरात माझ्या बुटाचा तळ सुटून जिभेसारखा लोंबायला लागला.

“गुरुजी, तुमचा बूट त हसून राह्यला,” देवू म्हणाला. त्यानं पळसाच्या मुळीची साल सोलली, दोन पदरी पीळ दिला आणि बूट असा बांधला की तीन दिवस टिकला. घरी आल्यावर मोच्यानं तो पीळ कापताना विचारलं, हे कोणी बांधलं.

खोऱ्याच्या तोंडाशी एक सपाट माळ आहे. तिथं जुनी वर्तुळं आहेत. जांभ्या दगडाचे धोंडे गोलात मांडलेले, काही बैलाएवढे, मध्ये भर घातलेली. पंधरा-सोळा तरी असतील. लोखंड नुकतं हाती आलेल्या लोकांची ही दफनस्थळं. आमच्या चिमूरकडेही शेतांत अशी वर्तुळं आहेत, पण तिथं नांगर त्यांना दरवर्षी थोडं थोडं खातो. इथं त्यांना कोणी हात लावलेला नाही. वाटसुद्धा वर्तुळ चुकवून वळसा घालून जाते.

“हे कोनाचे?” सुनंदानं विचारलं.

“माहीत नाई बाई. आमच्या आधीचे.” देवू बाजूला बसला, तंबाखू मळू लागला. “आमचे पुढं आहेत, गावाजवळ. आमाले मानूस गेला का दगड उभा करा लागते. लगेच नाई. धान हाती आलं, पाहुने बोलवता आले, का मंग.”

“अजून करता?”

“काऊन नाई करनार? मानसं मरनं थांबले का?”

सुनंदाला हे नवं होतं. आमच्या घरी दगड नाही, पिंड नाही. माझ्या वडिलांच्या वेळी बुद्धवंदना झाली, फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, शेजारपाजारचे जेवले. माणूस गेला तो गेला, त्याच्या रुसण्या-फुगण्याची भीती धरायची नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. ते मला पटतंही. पण दुसऱ्याच्या घरात ती भीती खरी असते, आणि तिच्यावर कोणाचं तरी अख्खं आयुष्य चालतं, हे मला उशिरा कळलं.

देवू पाणी आणायला नाल्यात उतरला. मी सुनंदाला म्हणालो, “बस जरा.” आणि सांगितलं.

त्या वर्षी एका विद्यापीठाचं पथक या खोऱ्यात शिळांची नोंद करत होतं. मी तात्पुरत्या नेमणुकीवर होतो, बत्तीस वर्षांचा. पुढची नेमणूक मिळेल की नाही याची धास्ती होती. काहीतरी नवं माझ्या नावावर लागायला हवं होतं. गावाच्या कडेला उभ्या शिळांची ओळ होती. गावकऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही आमची माणसं आहेत, हात लावू नका. पण ओळीच्या टोकाला छातीएवढी एक शिळा होती आणि तिच्यावर दगडफूल इतकं दाट चढलेलं की मी ठरवून टाकलं, ही यांची नव्हेच, ही माळावरच्या वर्तुळांच्या काळची. शिळा उभ्या करण्याची रीत तेव्हापासून अखंड चालत आली, असं मी सिद्ध करणार होतो. कोरड्या मुलखात दगडफूल चढायला पिढ्या जातात. या ओल्या जंगलात त्याला पाच-सहा पावसाळे पुरतात, हे कळायला मी एखाद्या म्हातारीला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

दुपारची वेळ. गाव मोहफुलं वेचायला गेलेलं. पथकप्रमुख तापानं एटापल्लीला पडलेले, बाकीचे नाल्यापलीकडे. मी शिळेच्या बुडाशी खोदलं. हातभर खोल गेल्यावर कुजलेलं धान आणि एक नाणं. नाणं पुसलं. त्यावरचं साल जेमतेम सहा वर्षांपूर्वीचं.

“मग?” सुनंदा.

“मग बुजवलं. पण दाबलं नाही. चार बोटं माती टाकायची, धुमसानं ठोकायची, पुन्हा चार बोटं. मजुरांना हे मीच शिकवायचो. ठोकलं असतं तर आवाज गेला असता. मी नुसती माती लोटली, वर पाला पसरला, आणि दुसऱ्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून घरी आलो.”

“तवा आपलं लगन होऊन वर्ष झालं होतं. तुमी मले सांगितलं, ऊन लागलं.”

“हो.”

“ते खोटं होतं.”

“हो.”

मी पुढचं सांगितलं. गेल्या दिवाळीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोनवर फोटो पाठवला. तो इकडच्या आश्रमशाळेत शिक्षक आहे. फोटोत तीच शिळा, एका बाजूला कललेली. खाली लिहिलं होतं : ‘सर, भारी लोककथा मिळाली. या बाईला सुनेनं शेवटी खाऊ घातलं नाही, म्हणून तिचा दगड सुनेच्या घराकडे पाठ करून कलला. सून अजून आहे. गाव तिला अजून तेच म्हणतं. लेख होईल का?’ आणि हसरा चेहरा.

शिळा ज्या बाजूला कलली, त्या बाजूला माझा खड्डा होता. पहिल्याच पावसाळ्यात माती बसली असणार.

मला वाटलं सुनंदा रडेल, किंवा मला सोडून एकटी परत फिरेल. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “ती सून जित्ती आहे ना?”

“आहे.”

“मंग बसले काऊन? उठा.”

दुसरा दिवस : गाव

पुढची वाट खोऱ्याच्या पोटातून जाते. पाणी कमी, पण डोहांत मासे दिसतात. बांबूच्या बेटांत वारा शिरला की दार करकरल्यासारखा आवाज होतो आणि मी प्रत्येक आवाजाला दचकत होतो. अस्वलाला नव्हे. देवूनं अस्वलानं ताजं उकरलेलं वारूळ दाखवलं, तेव्हा मला वाटलं, आलं तर बरं, परत तरी जाता येईल.

दुपारी गाव आलं. वीस-बावीस घरं, बांबूच्या तट्ट्यांची कुंपणं. त्याआधी शिळा. मी मान वर केली नाही. सुनंदानं केली. “हा का?” तिनं हळूच विचारलं. मी पाहिलं. फोटोत दिसला होता त्यापेक्षा जास्त कललेला होता. कोणी हाक मारली आणि आपण मान फिरवली, तसा. त्याच्या पायाशी पानाचा वाळका द्रोण होता.

देवूनं आमची सोय नेमकी त्या सुनेच्या, मासेच्या घरी केली होती. त्याला काही माहीत नव्हतं. गावात पाहुण्याला ठेवून घेण्याइतकी रिकामी जागा तिच्याचकडे होती, कारण तिच्याकडे कोणी फारसं येत नाही.

मासे साठीच्या पुढची. नवरा दहा वर्षांपूर्वी गेलेला, मुलगी दुसऱ्या गावी दिलेली. ती अंगणाबाहेरच्या मोहाखालचा पाला झाडून पेटवत होती, म्हणजे फुलं पडतील तेव्हा जमीन स्वच्छ. आम्हाला पाहून ती म्हणाली, “आला? बस.” या लोकांच्या बोलण्यात अहो-जाहो नाही. कलेक्टर आला तरी ‘तू’. कॉलेजात वीस वर्षं ‘सर’ ऐकलेल्या माझ्या कानांना ते त्या दिवशी बरं वाटलं.

तिनं द्रोणांत जावा दिली, तांदळाच्या कण्यांची आंबूस पातळ पेज, आणि तिच्याबरोबर लाल मुंग्यांची चटणी. सुनंदानं बोटानं चाखली. डोळे मिटले.

“लिंबावानी लागते जी.”

“अजून घे,” मासे म्हणाली. “हा काऊन खात नाई?”

“त्याले भूक नाई,” मला वाचवायचं सोडून सुनंदा माझ्याकडे बघत म्हणाली. “त्याच्या पोटात दुसरं आहे काही.”

मी बोलायला हवं होतं. त्याऐवजी एखाद्या पर्यटकासारखा विचारता झालो, “बाई, तो दगड असा का कलला?”

आजही हे लिहिताना लाज वाटते.

मासेनं सांगितलं. सवयीनं सांगितलं, अनेकदा सांगून झालेलं असल्यासारखं, अर्धं मराठीत, अर्धं देवूच्या तोंडून. “सासू रुसली. मी देत होतो खाले. ती खात नोती. तोंड फिरवे. मेली. सहा साल दगड नीट होता. मंग फिरला. जैनी म्हने, पाहा, आईनं दाखवलं.” जैनी म्हणजे तिची नणंद, त्या म्हातारीची लेक, चार घरं पलीकडे राहते. “तवापासून जैनी माझ्या घरचं पानी नाई पेत. मी पेरनीच्या आधी पहिली जावा तिथं ठेवतो. म्हनतो, घे. माफ कर. दगड अजून वाकते.”

सुनंदा परिचारिकेच्या आवाजात म्हणाली, “मरायच्या टायमाले मानूस खात नाई बाई. पोट घेतच नाई. मी किती पाहिले. त्यात तुयी चूक नाई.”

“हे तू जैनीले सांग,” मासे म्हणाली आणि उठून गेली.

बावीस पावसाळे. मी त्या काळात कायम झालो, वर्गात ‘पुरावा कसा तपासावा’ हा धडा दरवर्षी शिकवला, दोन मुलांना शिकवलं, घर बांधलं. आणि ही बाई एका खड्ड्याची माफी मागत होती.

त्या दिवशीही मी सांगितलं नाही. कारणं देतो : ती दमली होती, देवू तिथं होता, उजेड कमी झाला होता. सगळी खोटी आहेत. भीती वाटली. मारतील याची थोडी होती. ती नुसतीच ‘बरं’ म्हणेल आणि काहीच बदलणार नाही, याची जास्त होती.

तिसरा दिवस : झाडाखाली

सकाळी देवूला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि म्हणालो, तू तिला नीट माडियात समजावून सांग.

त्याचे दोन्ही डोळे उघडे राहिले. “मी नाई सांगत गुरुजी.”

“अरे, माझी भाषा तिला...”

“तुमी जासान आज. मले इथी राहाचं आहे. जैनी माझी मावशी लागते. ज्यानं खोदलं त्यानं सांगाव.”

तो रागावला होता. राग मला समजला.

मासे धान कांडत होती. मी तिच्यासमोर मातीत बसलो. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. “बाई, सासू रुसली नाही. दगड मी वाकवला.” मी हातानं खोदल्याची खूण केली. “बावीस साल आधी. पथकासंग आलो होतो. इथं खोदलं. माती दाबली नाही. पाऊस आला, दगड कलला. सासूनं काही नाही केलं. मी केलं.”

तिचं मुसळ वर तसंच राहिलं. “फिरून सांग.”

मी पुन्हा सांगितलं.

“फिरून.”

मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिनं मुसळ भिंतीला टेकवलं, माझं मनगट धरलं, आणि ओढतच घेऊन निघाली. साठीतल्या बाईच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. सुनंदा मागून धावत आली, देवू तिच्या मागं. मला कुठं नेतेय कळेना. शिळेकडे? नाल्याकडे? ती मला भूमियाच्या दारात घेऊन गेली. भूमिया म्हणजे गावाचा देवधर्म आणि तंटाबखेडा पाहणारा म्हातारा. मासेनं त्याला दोन वाक्यं सांगितली. त्यानं माणसं बोलावली.

अर्ध्या तासात चिंचेखाली पंचवीस-तीस जण. जैनी सगळ्यांत शेवटी आली, काठी टेकत. बारीक, ताठ, मासेपेक्षा मोठी. मासेच्या समोरच्या बाजूला जाऊन बसली.

मी सगळ्यांपुढं सांगितलं. आता देवूनं तोंड उघडलं आणि वाक्यागणिक माडियात सांगत गेला. भूमियाला मराठी कळत नव्हतं, म्हणून. एक पोक्त माणूस उठून माझ्या अंगावर आला. सुनंदा मध्ये उभी राहिली. “मारायचं असन त मार,” ती म्हणाली, “पन आधी पुरं ऐकून घे.” तो मागे सरला. बाकी कोणी हाललं नाही.

मग जैनी बोलली. देवूनं सांगितलं, “ती म्हनते, हे खोटं आहे. मासेनं तुले जेवू घातलं, ठेवून घेतलं, आनि शिकवलं. शहराचा मानूस काहीबी बोलते.”

हे मी कधी धरलंच नव्हतं. बावीस वर्षं मला सांगण्याची भीती होती. सांगितल्यावर कोणी विश्वासच ठेवणार नाही आणि मासेच्या अंगावर आणखी एक आळ येईल, हे डोक्यात आलंच नाही. मासे खाली मान घालून बसली होती. मी तिचं होतं ते वाईट आणखी वाईट करून ठेवलं होतं.

“धान होतं,” मी म्हणालो. “नाणं होतं.”

जैनी हसली. देवू म्हणाला, “ते सगळ्याच्याच खाली रायते गुरुजी. सगळ्याले माहीत आहे.”

आणखी एक गोष्ट होती. ती मी सुनंदालाही सांगितली नव्हती. नाणं कोणाचंही असतं. ती वस्तू एका बाईची होती, हातात घेतल्याबरोबर मला कळलं होतं, आणि म्हणूनच मी धुमसाकडे न बघता पळालो होतो.

“फणी होती,” मी म्हणालो. “शिंगाची. नाण्याच्या खाली, पानात गुंडाळलेली. एका कडेचे दात तुटलेले. त्यात केस होते. पांढरे.”

देवूनं भाषांतर करायच्या आधीच जैनीचा चेहरा बदलला. तिला मराठी कळत होतं तर.

भूमियानं जैनीला काही विचारलं. पुन्हा विचारलं. तेव्हा ती जमिनीकडे बघत, अगदी हळू बोलली. देवू माझ्या कानाशी म्हणाला, “दगड उभा करायच्या दिवशी तिनं चोरून ठेवली होती. आईची फणी. कोनाले सांगितलं नाई. नवऱ्याले बी नाई.”

मग तिनं मला थेट विचारलं, मराठीत. “वापस ठेवली?”

“ठेवली. पानातच. होती तशी.”

“हात लावला तू.”

“लावला.”

तिनं मान हलवली. हो किंवा नाही, कशाची ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

भूमिया थोडक्यात बोलला. दगडाचं काय करायचं ते घरचे पाहतील, धान आल्यावर. मी विचारलं, मी काही करू का, माती आणू, माणसं लावू? देवूनं विचारायलाही घेतलं नाही. “तुमचा हात आता नाई लागत तिथं.” दंड होईल असं मला वाटत होतं, खरं तर व्हावा असं वाटत होतं. झाला नाही. माणसं उठली, आपापल्या कामाला गेली. माझ्या अंगावर आलेला माणूस जाताना सुनंदाला म्हणाला, “तू डरत नाई.” ती म्हणाली, “लय डरतो.”

आम्ही सामान घ्यायला मासेच्या घरी आलो. मी पिशवी आवळत होतो तेवढ्यात कुंपणाशी जैनी दिसली. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी. आत येईना, जाईना. मासे अंगणात. दोघींमध्ये दहा पावलं. ऊन चढलेलं. सुनंदानं माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती.

जैनी काहीतरी म्हणाली.

“पानी मागून राह्यली,” देवू पुटपुटला.

मासेनं अंगणातला एक काटा उचलून कुंपणाबाहेर टाकला. मग बोलली. देवूनं सांगितलं, “म्हनते, पानी कुठी आहे ते तुले माहीत आहे. तुया बापाचं घर आहे.”

जैनी आत आली. आमच्या अंगावरून गेली, वाकून दारातून आत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी मासेसमोर हात जोडले. ती म्हणाली, “तू आला. बरं केलं.” मग, अजिबात आवाज न चढवता, “आता फिरून येऊ नको.” आणि तीही आत गेली.

आम्ही कुंपणाबाहेर पडलो नव्हतो तोच घरातून आवाज उठला. एकीचा, मग दुसरीचा, मग दोघींचा एकदम. भांडं आदळल्याचाही. मी थांबलो. “देवू, भांडण लागलं. मी जाऊ का परत? पुन्हा सांगू का?”

देवूनं कान दिला. जरा ऐकलं. मग त्याचा एक डोळा मिटला, त्या दिवशी पहिल्यांदा.

“हो जी, भांडूनच राह्यल्या. आजारपनात खाट कोनी उचलली, कोंबडा कोनाचा कापला, सगळं निघून राह्यलं. बावीस सालात एकमेकीसंग बोलल्याच नोत्या.” त्यानं सुनंदाची पिशवी खांद्यावर घेतली. “चला गुरुजी. हे संध्याकाळवर चालते.”